.३०० विन मॅग: मझल ब्रेक बसवावा का, आणि त्यावर स्कोप कोणता?

रानवाट

रायफल .३०० विन्चेस्टर मॅग्नम, बोल्ट ॲक्शन. नळी ६१ सेंटीमीटर, तोंडाशी बाहेरून जाडी १७ मिलिमीटर, आटे पाडलेले नाहीत. स्कोप, रिंगा, पट्टा सगळं धरून वजन ३.९ किलो. गोळी १८० ग्रेनची. वापर शिकारीचा, अंतर बहुतेक वेळा २०० मीटरच्या आत, क्वचित ३००.

अडचणी दोन. धक्का इतका आहे की दहाबारा बारांनंतर चाप ओढताना डोळे मिटतात आणि खांदा पुढे येतो. आणि १०० मीटरवर तीन सेंटीमीटरमध्ये येणारा ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा पसारा) आता आठनऊ सेंटीमीटरवर गेलाय. स्कोप साधा ३-९×४० (३ ते ९ पट झूम, ४० मिमीची पुढची काच), एक इंची नळीचा. पुढच्या रिंगेच्या पुढे स्कोपच्या नळीवर चकचकीत ओरखडा दिसतो.

मझल ब्रेकने (नळीच्या तोंडावर बसणारा, वायू वळवणारा भोकांचा तुकडा) खरंच किती फरक पडेल? बाजूला भोकं असलेला घ्यावा की चोहोबाजूंनी? १७ मिमीच्या नळीवर कोणते आटे चालतील? स्कोप बदलायचाच असेल तर काय पाहून घ्यावा, आणि आधी ब्रेक की आधी स्कोप?

गणिती

फरक किती पडेल हे काडतुसावर ठरतं, ब्रेकच्या जाहिरातीवर नाही. रायफल मागे येते ती दोन गोष्टींमुळे: पुढे गेलेली गोळी आणि तिच्यामागून सुटलेला वायू. गोळीच्या वाट्याला ब्रेक हातही लावू शकत नाही. तो फक्त वायूला आडवा किंवा मागे वळवतो.

तुमच्या काडतुसाचा हिशेब असा. १८० ग्रेन म्हणजे ११.७ ग्रॅम गोळी, वेग सेकंदाला सुमारे ९०० मीटर: संवेग (किलोतलं वजन गुणिले वेग) १०.५. दारू साधारण ७२ ग्रेन म्हणजे ४.७ ग्रॅम. वायूचा वेग गोळीच्या १.७५ पट धरायची पद्धत आहे: संवेग ७.४. बेरीज १७.९. ती ३.९ किलोला भागली की रायफल सेकंदाला ४.६ मीटर वेगाने मागे येते, म्हणजे धक्क्याची ऊर्जा सुमारे ४१ ज्यूल.

ब्रेकने वायूचा अर्धाच वाटा मारला तरी ऊर्जा २६ ज्यूलपर्यंत उतरते. पूर्ण मारला तर १४. तुलनेसाठी, ३.६ किलोच्या .३०८ रायफलीतून १५० ग्रेनची गोळी सुटली की २३ ज्यूलच्या आसपास धक्का बसतो. म्हणजे बेताचा ब्रेकसुद्धा तुमची मॅग्नम जवळजवळ .३०८ च्या पंगतीला आणून बसवतो. दारू जितकी जास्त तितका ब्रेकचा फायदा जास्त. तुमच्याकडे एकूण संवेगात वायूचा वाटा ४१ टक्के आहे, .३०८ मध्ये तो ३५ च्या आसपास राहतो. म्हणून .३०८ किंवा ६.५ क्रीडमूरला शिकारीसाठी ब्रेक बसवायची घाई करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे चांगलं रबरी पॅड आणि मापाचा दस्ता पुरतो.

ब्रेकशिवायचे उपायही मोजून बघा. ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, त्यामुळे दस्त्यात अर्धा किलो वजन भरलं तर ४१ चे ३६ ज्यूल होतात. तेवढं वजन डोंगर चढताना खांद्यावर असतं. पॅड ऊर्जा कमी करत नाही, तोच धक्का जरा जास्त वेळात आणि जास्त जागेवर पसरवतं, पण खांद्याला फरक कळतो. दस्त्याची लांबी चुकीची असेल तर मात्र पॅड आणि ब्रेक दोन्ही वाया. आखूड दस्ता म्हणजे अंगठ्याचा सांधा नाकावर आणि स्कोप भुवईवर.

आणखी एक. गोळी नळीत असेपर्यंत रायफल जेमतेम २ मिलिमीटर मागे सरकलेली असते, आणि त्या २ मिलिमीटरमध्ये ब्रेकचं काम सुरूही झालेलं नसतं. म्हणून पकड सैल असेल, दर वेळी वेगळी असेल, तर ब्रेक लावूनही ग्रुप सुधारणार नाही. सुधारतो तो दचकणं थांबल्यामुळे.

लेथमास्तर

आट्यांचं बघू. बाजारात मोठ्या बोअरसाठी (बोअर म्हणजे नळीचं आतलं भोक) सगळ्यात जास्त दिसतो तो ५/८-२४ (इंचात व्यास, मग एका इंचातले आटे). त्याचा व्यास १५.९ मिमी. तुमच्या १७ मिमीच्या नळीवर तो काढला तर ब्रेक टेकायला उरलेली पायरी जेमतेम अर्धा मिमी. एवढ्याशा पायरीवर ब्रेक सरळ बसत नाही आणि आवळताना कड दबते. १/२-२८ उलट टोकाचा: आट्यांच्या तळाशी भिंत १.९ मिमी उरते, .३०० मॅग्नमला ती मला कमी वाटते. तुमच्यासाठी एम १४×१ योग्य (व्यास १४ मिमी, दोन आट्यांत १ मिमी). पायरी दीड मिमी, आट्यांच्या तळाशी भिंत अडीच मिमी. आट्यांची लांबी १५ मिमीच्या आसपास ठेवा. ब्रेक घेताना आटे एम १४×१ चेच आहेत ना, हे खोक्यावरून नाही, ब्रेकवरच्या खुणेवरून तपासा.

लेथवर काय बघायचं ते नीट सांगतो, कारण खरा घोटाळा इथेच होतो. नळीचं बाहेरचं अंग आणि आतलं भोक एककेंद्री असेलच असं नाही. बाहेरचं अंग धरून आटे पाडले तर ब्रेक भोकाशी तिरका बसतो आणि गोळी ब्रेकच्या भिंतीला घासते. कारागिराने चार जबड्यांच्या चकमध्ये नळी धरून डायल गेज तोंडाशी बोअरच्या आत लावून सेंटर काढायला हवा. रनआउट (फिरताना दिसणारी डगमग) ०.०१ मिमीच्या आसपास. आटे आणि पायरी एकाच बैठकीत, आणि आट्यांच्या मुळाशी छोटी खाच, म्हणजे ब्रेक पायरीपर्यंत पूर्ण जातो. शेवटी क्राउन (बोअरची तोंडाशी असलेली कड) नव्याने कापून घ्यायचा. "बाहेरून धरून पटकन करून देतो" असं कोणी म्हणालं तर रायफल उचलून घरी आणा. जिथे नळीतला बदल परवान्यावर नोंदवावा लागतो, तिथे ती नोंद लेथच्या आधी.

ब्रेकचं भोक गोळीच्या व्यासापेक्षा साधारण अर्धा मिमी मोठं हवं. .३० ची गोळी ७.८२ मिमी, म्हणजे भोक ८.३ ते ८.४. त्याहून मोठं भोक असेल तर वायू सरळ निसटतो आणि ब्रेकचा असर कमी होतो. लहान असेल तर सेंटर चुकल्याचा भुर्दंड गोळीला.

बसवण्याचा क्रम: रायफल रिकामी आहे हे डोळ्याने आणि बोटाने तपासा, बोल्ट काढून बाजूला ठेवा. आटे ॲसिटोनने तेलविरहित करा. नळी तोंडाच्या जवळ लाकडी किंवा नायलॉनच्या ठोकळ्यांत व्हाइसला धरा. ॲक्शन किंवा दस्ता धरून ब्रेक पिळू नका, तो पीळ ॲक्शनच्या सांध्यावर जातो. ब्रेक आधी हाताने पायरीला टेकेपर्यंत फिरवा आणि भोकं कुठे येतात ते बघा. डावी-उजवी भोकं आडव्या रेषेत यायला हवीत. एम १४×१ ला एक पूर्ण फेरा म्हणजे १ मिमी. ब्रेक पाव फेरा अलीकडे थांबवायचा असेल तर ०.२५ मिमीची शिम (पातळ चकती) लागते. आवळल्यावर ब्रेक अजून थोडा पुढे जातो, तेवढं अंतर जमेस धरा. चेक नट (ब्रेक हव्या त्या दिशेला आवळून धरणारा नट) असलेला ब्रेक घेतलात तर ही शिमची कटकटच नाही, शिकारीच्या रायफलीला मी तोच सुचवेन. दबणारा क्रश वॉशर मात्र टाळा. तो सगळीकडे सारखा दबत नाही, ब्रेक किंचित वाकडा बसतो, आणि एकदा दबला की पुन्हा वापरता येत नाही.

टॉर्क २० ते २७ न्यूटन-मीटर, निर्मात्याने वेगळा आकडा दिला असेल तर तो. निळं थ्रेडलॉकर नळी तापली की ढिलं पडतं. कायमचं ठेवायचं असेल तर उष्णता सोसणारं सिरॅमिक चिकटद्रव्य लावा, ते पाण्यात भिजवलं की सुटतं. मग ब्रेक आणि नळीवर मिळून रंगाची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली म्हणजे ब्रेक फिरला.

पहिल्या बाराआधी सरळ घासलेली अलाइनमेंट सळई बोअरमधून ब्रेकपर्यंत सरकवा आणि पुढून बघा. सळईभोवतीची फट सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला टेकली असेल तर बार काढायचा नाही, विषय संपला.

बाजूचा की चोहोबाजूंचा? बाजूचा. चोहोबाजूंच्या ब्रेकला दिशा जुळवावी लागत नाही, एवढाच त्याचा सोपेपणा. पण खालच्या भोकांतून सुटलेला वायू पालथं झोपून बार काढताना सगळी माती तोंडावर उडवतो आणि गोळी कुठे लागली ते दिसत नाही. दोन किंवा तीन कप्प्यांचा, भोकं सरळ आडवी असलेला पुरे. मागे कललेली भोकं धक्का आणखी कमी करतात, पण आवाज थेट तुमच्या कानावर आणतात.

शांतवन

कानाचं कोणी स्वतंत्र बोललं नाही म्हणून लिहितो. मॅग्नम रायफलीचा आवाज मुळातच १६० डेसिबलच्या वर असतो, आणि क्षणिक आवाजाची धोक्याची रेघ १४० ला मानतात. ब्रेक लावला की बार काढणाऱ्याच्या कानाशी तो आणखी वाढतो. एका बारानेही कायमचं नुकसान होऊ शकतं, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

सरावाला कानात प्लग आणि वरून मफ, दोन्ही. शिकारीत इलेक्ट्रॉनिक मफ वापरा, पाचोळ्याची चाहूल ऐकू येते आणि बार झाला की तो आवाज दाबतो. सोबतचा माणूस, वाटाड्या, कुत्रा कधीही ब्रेकच्या बाजूला नको. त्यांची जागा तुमच्या मागे, आणि माणसांच्या कानांवरही मफ. पत्र्याच्या छपराखाली, मचाणाच्या बंद खोलीतून किंवा गाडीच्या खिडकीतून ब्रेकवाली रायफल वाजवू नका, आवाज भिंतींवर आपटून कानठळ्या बसवतो.

जिथे कायद्याने सायलेन्सर चालतो तिथे तो ब्रेकपेक्षा चांगला पर्याय आहे: धक्काही कमी, आवाजही कमी. नळीची लांबी वाढते, एवढी किंमत.

संधिप्रकाश

ओरखडा पुढच्या रिंगेच्या पुढे आहे, म्हणजे निदान जवळपास झालंच. रायफल झटक्यात मागे येते, स्कोप जडत्वामुळे जागीच राहू पाहतो, म्हणून तो रिंगेतून पुढे सरकतो. तुमचा बिघडलेला ग्रुप कदाचित स्कोपचा दोष नाहीच. नवीन स्कोप त्याच ढिल्या रिंगांत बसवलात तर दोन खोकी काडतुसांनंतर पुन्हा इथेच प्रश्न विचाराल.

म्हणून आधी तपासणी, खालून वर. दस्त्याचे ॲक्शन स्क्रू. मग स्कोप काढून बेसचे (ॲक्शनवर बसून रिंगा धरणाऱ्या पट्टीचे) स्क्रू. मग रिंगा. मॅग्नमच्या बेसला ६-४८ मापाचे बारीक स्क्रू असतील तर कारागिराकडून त्याहून जाड ८-४० करून घेणं फायद्याचं. टॉर्क: ६-४८ ला १.७ ते २.३ न्यूटन-मीटर, ८-४० ला सुमारे ३. भोकं आणि स्क्रू तेलविरहित करून निळं थ्रेडलॉकर. पुढच्या स्क्रूची लांबी बघा. तो लांब निघाला तर नळीच्या आट्यांवर टेकतो, आपल्याला वाटतं घट्ट झाला आणि बेस मात्र हलत राहतो.

पिकाटिनी (आडव्या खाचांच्या) बेसवर रिंग ठेवली की ती खाचेत पुढे ढकलून धरा आणि मगच आडवा बोल्ट आवळा. रिंगेचा आडवा दांडा खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकलेला हवा, नाहीतर पहिल्या काही बारांत धक्काच तिला तिथे नेऊन बसवतो आणि तुमचा झिरो (नेम आणि गोळी जुळवलेली सेटिंग) सोबत जातो. वरच्या टोप्यांचे स्क्रू १.७ ते २ न्यूटन-मीटर, एकेक करून नाही, तिरके-तिरके, थोडं थोडं. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या. "मॅग्नम आहे म्हणून जरा जास्त आवळतो" हा मोह सोडा. नळी चेपली की झूमची कडी जड फिरते, पॅरॅलॅक्सची (डोळा हलला की नेम सरकतो, त्या चुकीची) सेटिंग खोटी होते, आणि ते नुकसान रिंग सैल करूनही भरून येत नाही. रिंगेच्या आत तेलाचा अंशही नको. पकड वाढवायची असेल तर रुंद रिंगा घ्या, चार ऐवजी सहा स्क्रूच्या.

आता स्कोपची निवड. तुमच्या वापराला २.५-१०×४२ किंवा ३-१२×५० च्या आसपासचा. त्याहून मोठं भिंग घेताना वजन बघा: ५६ मिमीचे स्कोप सहज ७०० ग्रॅमच्या पुढे जातात आणि तेवढंच जडत्व रिंगांवर येतं.

पहिली अट आय रिलीफ, म्हणजे पूर्ण चित्र दिसताना डोळा आणि मागची काच यांतलं अंतर. सर्वांत मोठ्या झूमवर किमान ९० मिमी. बरेच उत्पादक लहान झूमचा आकडा ठळक छापतात, मोठ्या झूमवर तो कमी होतो. ब्रेक लावणार म्हणून इथे सवलत घेऊ नका. ब्रेक काढून कधी बार काढाल, चढावर पालथं झोपून नेम धराल, तेव्हा भुवई काचेच्या जवळच जाते.

संध्याकाळच्या उजेडाचं गणित सोपं: पुढच्या काचेचा व्यास भागिले झूम. ४२ ला ६ ने भागलं तर ७ मिमीचा प्रकाशझोत डोळ्यात येतो, १० ने भागलं तर ४.२. अंधारात बाहुली ५ ते ७ मिमी उघडते. म्हणजे उजेड कमी झाला की झूम खाली आणायची, वर नाही. ३० मिमीची नळी जास्त प्रकाश देते ही समजूत चुकीची आहे, तिने मुख्यतः वर-खाली फिरवायची मर्यादा वाढते. प्रकाश ठरतो काच आणि तिच्या लेपावर.

रेटिकल (स्कोपमधल्या नेमाच्या रेघा) दुसऱ्या प्रतलातलं घ्या, ते झूम बदलली तरी तेवढंच दिसतं. पहिल्या प्रतलातलं झूमबरोबर लहान-मोठं होतं, त्यामुळे झाडीत लहान झूमवर त्याच्या रेघा केसासारख्या बारीक होतात आणि काळ्या अंगावर हरवतात. जाड बाह्या आणि मधोमध मंद करता येणारा लाल ठिपका हे शिकारीला सगळ्यात भरवशाचं. ठिपका सर्वांत कमी पातळीवरही डोळ्यात खुपत असेल तर तो स्कोप नको.

पॅरॅलॅक्सची वेगळी चकती ३०० मीटरपर्यंत अत्यावश्यक नाही. १०० मीटरवर पक्का केलेल्या ४२ मिमीच्या स्कोपमध्ये २०० मीटरवर डोळा अगदी काठाशी नेला तरी चूक जास्तीत जास्त २१ मिमी. डोळा मध्ये ठेवलात तर तीही नाही.

रानवाट

रिंगा उघडल्या. पुढच्या बेसचा एक स्क्रू बोटाने फिरला. दोन गोष्टी अजून: ब्रेक आणि स्कोप यांपैकी आधी काय करू? आणि स्कोप खरंच बिघडलाय का, हे नवा घेण्याआधी कसं ओळखायचं?

संधिप्रकाश

आधी तपासणी. जुनाच स्कोप नीट आवळून १०० मीटरवर तीन बार. मग स्कोपच्या चकत्या ४० क्लिक (टप्पे) वर, ४० उजवीकडे, ४० खाली, ४० डावीकडे, प्रत्येक कोपऱ्यावर बार. पाव मिनिटाच्या (कोनाचं मिनिट, अंशाचा साठावा भाग) क्लिकला १०० मीटरवर एक क्लिक ७.३ मिमी, म्हणजे ४० क्लिकला २९ सेंटीमीटर. ०.१ मिलिरेडियनच्या स्कोपला एक क्लिक बरोबर १ सेंटीमीटर. चौकोन नीट बनला आणि शेवटचा बार सुरुवातीच्या ग्रुपमध्ये परतला तर स्कोप ठणठणीत आहे. बाजू तिरक्या आल्या तर रेटिकल तिरपं बसवलंय. गोळ्या परतल्याच नाहीत तर आतली स्प्रिंग गेली, मग बदला. खांदा वाचवायचा असेल तर रायफल घट्ट अडकवून, बार न काढता, चौकटीच्या कागदावर रेटिकल फिरताना बघूनही हे कळतं.

रेटिकल सरळ करताना तीसेक मीटरवर ओळंबा टांगा आणि उभी रेघ त्याला जुळवा, पण रायफल स्वतः लेव्हलमध्ये असतानाच. रायफल ३ अंश कलली तर .३०८ सारख्या काडतुसाला ३०० मीटरवर साधारण ४ सेंटीमीटरची आडवी चूक येते. आय रिलीफ लावायचा तो सर्वांत मोठ्या झूमवर, शिकारीचे जाड कपडे घालून, डोळे मिटून रायफल खांद्याला लावून. डोळे उघडल्यावर काठाला काळी कोर न दिसता पूर्ण वर्तुळ दिसलं पाहिजे, आणि ते ज्या सर्वांत पुढच्या जागी दिसतं तिथे स्कोप पक्का करायचा.

लेथमास्तर

तपासणी झाली की क्रम असा: लेथचं काम, मग ब्रेक, मग स्कोप, मग झिरो. लेथवर जाताना स्कोप तसाही काढावा लागतो. ब्रेकने नळीच्या टोकावर शंभरेक ग्रॅम वजन येतं, तिची थरथर बदलते, म्हणून आधी केलेला झिरो चालणार नाही. किती आणि कुठे सरकेल हे आधी सांगता येत नाही, मोजूनच कळतं.

झिरोसाठी बोल्ट काढून बोअरमधून ५० मीटरचं लक्ष्य मध्ये आणा, रेटिकल त्यावर आणा. पहिला बार २५ मीटरवर, मग १०० वर तीन-तीनचे ग्रुप, मधे नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबून. रिंगा आणि ब्रेक दहा बारांनंतर एकदा तपासा. मग ब्रेक काढून, आट्यांवर टोपी लावून एक ग्रुप काढा आणि फरक क्लिकमध्ये लिहून दस्त्याला चिकटवा. ज्या दिवशी ब्रेकशिवाय निघाल, त्या दिवशी तो कागद लागेल.

ब्रेकच्या पहिल्या कप्प्यात काजळी घट्ट बसते. साठसत्तर बारांनी काढून सॉल्व्हंटमध्ये रात्रभर ठेवा आणि पितळी ब्रशने घासा, कडा खरवडू नका. बोअर साफ करतानाही ब्रेक काढलेला बरा, नाहीतर सॉल्व्हंट आणि घाण ब्रेकमध्ये साचते आणि क्राउनवर सुकते.

रानवाट

एम १४×१, चेक नटचा, बाजूच्या भोकांचा ब्रेक ठरवला. बेसला ८-४० करून घेतो आणि चौकोनाचा निकाल इथेच टाकतो.